गुरसराय आणि काल्पीची वाट

झाशीचा किल्ला पाहून प्रवासी बहुधा परततो. वस्तुतः बुंदेलखंडातील मराठी जीवनाचा शोध किल्ल्याइतकाच वाटेवरही घ्यावा लागतो. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये दक्षिणा मिळवण्यासाठी उत्तरेस निघाले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये युद्धाइतकेच स्थान सणांना आहे. वेढ्याच्या तोंडावर वाड्यात झालेले चैत्रातील हळदीकुंकू त्यांनी तपशिलाने वर्णिले आहे. भिक्षुकाची ती दृष्टी आजही उपयोगी पडते. ज्या गणेशमंदिरात १८४२ मध्ये लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, तेथून पायी निघणाऱ्यास किल्ल्याच्या तटाखालचे शहर आधी भेटते, इतिहास मागाहून.

एप्रिल १८५८ मध्ये राणी घोड्यावरून भांडेरमार्गे काल्पीस पोहोचल्या. पुढे काल्पीच्या वाटेवरील एका विहिरीपाशी गोडसे यांना त्या पुन्हा भेटल्या. त्यांनी पाणी काढून देऊ केले, पण राणींनी ते ओंजळीनेच घेतले!

झाशीहून कानपूरकडे जाणारा आजचा महामार्गही काल्पीवरूनच जातो. त्याच्या दक्षिणेस, गरौठा तहसिलीत, गुरसराय हे छोटे गाव आहे. ही मराठी जहागीर. येथील केशवराव मात्र त्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूस राहिले. मराठी बोलणारी दोन घराणी, एकच प्रदेश, आणि बाजू दोन. राणींची वाट गुरसरायच्या उत्तरेने गेली.