कलम लावणं

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून पौडच्या रस्त्याला लागलं, की रोपवाटिकांच्या पाट्या दिसू लागतात. हापूसची कलमं, केशरची कलमं, चिकूची कलमं. पुढे मुळशी तालुक्याचं ठाणं असलेल्या पौडात तहसील कचेरीच्या आवारात उभे राहा, तिथंही बोलणं कलमांचंच. नोटीस कुठल्या कलमाखाली आली, हरकत कुठल्या कलमाखाली घ्यायची. 'कोणतं कलम लावलं?' हा प्रश्न इथं पोलिसालाही विचारता येतो आणि माळ्यालाही. मात्र ज्या वस्तूचं हे नाव, ती हवी असली की आपण दुकानदाराला म्हणतो, 'एक पेन द्या.'

शब्द लांबून आला आहे. ग्रीक भाषेत 'कालामोस' म्हणजे पोकळ दांड्याचं, वेतासारखं गवत आणि त्याची लेखणीही. अरबीत तो 'कलम' झाला. कुराणातल्या 68व्या अध्यायाचं नावच 'अल्-कलम' आहे. फारसीचा हात धरून तो दख्खनच्या दफ्तरांत शिरला. गंमत म्हणजे मराठीनं आपल्यापुरता हाच प्रवास वेगळ्या वाटेनं केला होता. आपला बोरू ओढ्याकाठी उगवतो तेव्हाही बोरू आणि कारकुनाच्या कानावर बसतो तेव्हाही बोरूच. 'लेखणी'ची गोष्ट निराळी. तिच्यातला 'लिख्' हा धातू मुळात ओरखडण्याचा. ताडपत्रावर अणकुचीदार सळईनं अक्षरं कोरायचे, तिथली ती भाषा. 'पेन'मागे लॅटिनमधलं पीस आहे, 'पेन्सिल'मागे छोटी शेपटी. दोघी बहिणी वाटतात, पण नात्यानं कुणी नव्हेत. पेन्सिलीची खरी भावंडं औषधाच्या दुकानात सापडतात, कारण पेनिसिलीन त्याच शेपटीवरून आलं. आणि शिसपेन्सिलीत शिसं नसतंच, ग्रॅफाइट असतं. खाणीत ते सापडलं तेव्हा लोकांना शिसं वाटलं. 1779 साली शेले या रसायनशास्त्रज्ञानं तो कार्बन असल्याचं दाखवलं. तोवर नाव चिकटलं होतं.

तर कलम. बोरू नुसता तोडून लिहिता येत नाही. टोक चाकूनं तिरकं छाटायचं, मध्ये चीर द्यायची, मग शाई उतरते. मोडीतली जाड-बारीक वळणं त्या छाटीतूनच येतात. माझ्या समजुतीप्रमाणे या शब्दाचा जीव लिहिण्यात कमी आणि कापण्यात जास्त आहे. फारसीतच झाडाच्या छाटलेल्या काडीला कलम म्हणू लागले होते. पाचर कलम बांधणाऱ्या माळ्याचा हात पाहा. काडीचं टोक तो दोन्ही बाजूंनी तासतो, खुंटाला चीर देतो, त्यात काडी बसवून पट्टी गुंडाळतो. चाकू, छाट, चीर. बोरू तासणाऱ्या कारकुनाचं काम याहून फार वेगळं नव्हतं.

दफ्तरातही तेच झालं. मजकूर तोडून एकेक बाब वेगळी मांडायची, ती प्रत्येक बाब म्हणजे एक कलम. शिवाजी महाराजांनी दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला, त्यात 'लेखनवर्ग' असं स्वतंत्र प्रकरण आहे. तरीही पेशवाईच्या कागदांत कलमं ठाण मांडून राहिली. इंग्रजी अमलातल्या कायद्यांचं मराठी करतानाही हाच शब्द हाताशी आला. आज एखाद्याचा 'एककलमी कार्यक्रम' म्हणताना त्यात लेखणी आहे, हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं.

मुळशीत या शब्दाला आणखी एक पदर आहे. संस्कृतात कलम हे भाताच्या एका जातीचं नाव, कालिदासाइतकं तरी जुनं. रघुवंशाच्या चौथ्या सर्गात रघूनं वंगदेशीयांना उपटलं आणि पुन्हा त्यांच्या जागी बसवलं. कालिदास त्यांना लावणीच्या कलम भाताची उपमा देतो. उपटून पुन्हा लावलेल्या रोपांप्रमाणे त्यांनी रघूला भरभरून दिलं. राब भाजून, रोपं वाढवून, पावसात चिखलणी करून खाचरात लावणी करणाऱ्या मावळकऱ्याला ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही.

याच खाचरांवर 1894च्या भूसंपादन कायद्याची कलमं लागली. नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांचं धरण व्हायचं होतं, मुंबईला वीज हवी होती. कायद्याची रचना पायऱ्यापायऱ्यांची: कलम 4ची अधिसूचना, 6ची जाहीर घोषणा, 9ची नोटीस, 11चा निवाडा. कंपनीसाठी जमीन घेण्याचा स्वतंत्र सातवा भागही त्यात होता, कलमं 38 ते 44. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. पांडुरंग महादेव बापट 'सेनापती' झाले ते इथं. 1924 साली त्यांनी रुळांवर धोंडे रचून गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण झालंच. रघूनं उपटलेल्यांना निदान पुन्हा लावलं होतं. इथं निवाड्यात रुपये लिहिले गेले, लावणीची जागा पाण्याखाली गेली. तो कायदा पुढे 2013च्या अखेरीपर्यंत चालला.

पाण्याबाहेर राहिलेल्या खाचरांत आता सुट्टीचे बंगले उठतात. शहरातला मालक रस्त्यावरच्या रोपवाटिकेतून दहा कलमं आणतो. खड्डे खणले जातात ते कधीकाळच्या आंबेमोहोराच्या वावरात. आंब्याच्या मोहोरासारखा वास येतो म्हणून त्या भाताचं हे नाव. माळी मालकाला बजावतो, कलमाचा सांधा मातीत गाडू नका, आणि पहिली दोन-तीन वर्षं मोहोर आला तर खुडून टाका.