कॉम्प्युटरची घरघर आणि घरच्यांची झोप: शांत कूलर निवडताना काय पाहावं?

कूलर म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांसमोर येतो तो खिडकीत लावलेला, वाळ्याच्या ताट्यांचा पत्र्याचा कूलर. पण आज आम्ही बोलणार आहोत ते दुसऱ्या, तळहाताएवढ्या कूलरबद्दल. डेस्कटॉप कॉम्प्युटरच्या डब्यात, प्रोसेसरच्या डोक्यावर बसलेला असतो तो.

विषय घरातूनच निघाला. आमचं घर दोन खोल्यांचं. हॉलमध्येच कॉम्प्युटर आणि तिथेच अम्मींची खाट. थोरली मुलगी इंजिनिअरिंगला, तिचं काम रात्री दहानंतर सुरू होतं. प्रोजेक्ट चालवला की पाच मिनिटांत डबा घरघरायला लागायचा. अम्मींची झोप सावध, त्यात फज्रला उठायचं. एका रात्री त्या वैतागून म्हणाल्या, "बेटा, ये डब्बा सोता कब?" सगळे हसले, पण दुसऱ्या दिवसापासून मुलीने दहा वाजता कॉम्प्युटर बंद करायला सुरुवात केली. प्रोजेक्ट मागे पडू लागला. आम्ही उर्दू व्याकरणाचे पाठ रेकॉर्ड करून विद्यार्थ्यांना पाठवतो, त्यावरही एकाने विचारलं, "सर, मागे मिक्सर चालू आहे का?"

दुकानदाराने सांगितलं, पाण्याचा कूलर बसवा, आठ-नऊ हजार लागतील. आम्ही थोडं थांबलो, समजून घेतलं, आणि काम त्याच्या एक तृतीयांश पैशात झालं. एक चूकही केली, तीही सांगतो.

आवाज येतो कुठून?

प्रोसेसर वीज घेतो आणि जवळजवळ सगळी वीज उष्णतेत बदलते. ६५ वॉट घेणारा प्रोसेसर म्हणजे जुन्या साठच्या बल्बएवढी उष्णता, तीही नखाएवढ्या जागेत. ती तिथून उचलून हवेत सोडणं हे कूलरचं काम. त्याचे भाग तीन: प्रोसेसरला टेकणारा धातूचा तळ, उष्णता पसरवणाऱ्या पातळ पट्ट्या आणि हवा ढकलणारा पंखा.

आवाज करतो तो पंखाच. पट्ट्या कमी असतील तर पंख्याला जोरात पळावं लागतं. पट्ट्या भरपूर असतील तर तोच पंखा निवांत फिरला तरी भागतं. एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि १० डेसिबल उतरले तरी कानाला आवाज निम्मा वाटतो. म्हणून शांततेचा नियम सोपा: पंखा मोठा, वेग कमी. १२० मिलिमीटरच्या पंख्याचं क्षेत्रफळ ९२ मिलिमीटरच्या पंख्याच्या सुमारे १.७ पट असतं. तेवढीच हवा तो हळू फिरून देतो.

खरेदीआधी चार गोष्टी तपासा

पहिली, दोषी कोण ते ओळखा. डब्यात पंखे अनेक असतात: प्रोसेसरचा, कॅबिनेटचा, पॉवर सप्लायचा, असेल तर ग्राफिक्स कार्डचा. जुनी हार्ड डिस्कही कुरकुरते. वर्तमानपत्राची सुरळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं टोक डब्याच्या बाहेरूनच एकेका जागी न्या. मोठी फाईल उघडताच आवाज चढत असेल आणि थोड्या वेळाने उतरत असेल, तर बहुतेक तो प्रोसेसरचाच पंखा. सतत एकसारखा खरखरत असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. मग अख्खा कूलर बदलायची गरज नसते.

दुसरी, धूळ. कॉम्प्युटर बंद करून, वायर काढून मऊ ब्रशने पट्ट्या साफ करा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो भलत्या वेगाने फिरून बिघडतो. आमच्या डब्यातून निघालेली धूळ पाहून आम्हालाच शरम वाटली.

तिसरी, पेस्ट. प्रोसेसर आणि कूलर यांच्या मधली पेस्ट काही वर्षांनी वाळते. जुनी पुसून नवी लावली तरी फरक पडतो. खर्च अगदी किरकोळ.

चौथी, आणि फुकटची: पंख्याची सेटिंग. बायोसमध्ये गेलात की किती तापमानाला पंखा किती पळावा हे ठरवता येतं. अनेक बोर्डांवर ही सेटिंग भित्र्या स्वभावाची असते. तापमान जरा उसळलं की पंखा धावलाच. प्रोसेसरचं तापमान तर सेकंदात वर-खाली होतं, म्हणून आवाजही वर-खाली होतो, आणि झोप मोडते ती याच चढ-उताराने. आम्ही ६० अंशांपर्यंत पंखा मंद ठेवला, ७५ ला मध्यम आणि ८५ ला पूर्ण. शिवाय पंख्याने लगेच न धावता काही सेकंद थांबावं, अशी सोय असते, तीही चालू केली. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटली.

८५ अंश ऐकून घाबरू नका. आमच्याकडे रायझेन ५ ५६००जी आहे, त्याची मर्यादा ९५ अंशांची. मर्यादेला पोचला तर प्रोसेसर आपला वेग स्वतः कमी करतो. तापमान पाहायला कोअर टेम्पसारखे मोफत सॉफ्टवेअर मिळतात. जड कामात ७० ते ८० अंश असतील तर इत्मिनान ठेवा. आणखी दहा अंश उतरवण्यासाठी पंखा पळवणं म्हणजे उगाच आवाज विकत घेणं.

कोणता प्रकार घ्यावा?

प्रोसेसरसोबत डब्यात येणारा कूलर बहुधा बुटका, ॲल्युमिनियमचा असतो. आमच्याकडचाही तसाच होता. हलक्या कामाला तो पुरतो, जड कामात ओरडतो.

त्याच्या वरचा प्रकार टॉवर कूलर. यात तळापासून तांब्याच्या नळ्या उभ्या वर जातात आणि त्यांच्यावर पट्ट्या ओवलेल्या असतात. नळ्या नुसत्या तांब्याच्या काड्या नसतात. आत थोडंसं पाणी असतं. तळाशी उष्णतेने त्याची वाफ होते, वाफ वर जाऊन पट्ट्यांपाशी थंड होते, पुन्हा पाणी होऊन आतल्या जाळीतून खाली झिरपते. आठवीच्या मुलालाही समजेल असं बाष्पीभवन आणि संघनन, दिवसभर चालू. चार नळ्या आणि १२० मिलिमीटरचा एक पंखा असलेला टॉवर ६५ वॉटच्या प्रोसेसरला आरामात पुरतो.

दोन टॉवर, दोन पंख्यांचे मोठे कूलर जास्त वीज खाणाऱ्या प्रोसेसरसाठी. नॉक्टुआचा एनएच-डी१५ हा त्यातला नावाजलेला. उंची १६५ मिलिमीटर आणि वजन पंख्यांसह सव्वा किलोच्या वर. साध्या घरगुती कामाला त्याची जरुरत नाही.

राहिला पाण्याचा कूलर. खूप तापणाऱ्या प्रोसेसरला आणि अरुंद कॅबिनेटला तो उपयोगी. पण पंखे त्यालाही असतातच, वर पंपाचा बारीक आवाज. पंप बंद पडला तर सगळंच बसतं. टॉवरचा पंखा गेला तर चारपाचशे रुपयांत नवा लागतो. साधारण कुटुंबासाठी पाण्याचा कूलर म्हणजे बहुतेक वेळा फिजूलखर्ची.

प्रोसेसरचे वॉट पाहताना एक खबरदारी. खोक्यावरचा आकडा नेहमी पूर्ण सत्य नसतो. इंटेल कोअर आय५-१२४०० चा मूळ आकडा ६५ वॉट, पण जोरात असताना कंपनीनेच दिलेली कमाल ११७ वॉट आहे. आय९-१३९००के चा मूळ आकडा १२५ आणि कमाल २५३. कूलर निवडताना कमाल आकडा बघा.

माप घेतल्याशिवाय घेऊ नका

आता आमची चूक. पहिला कूलर घेतला तो १५९ मिलिमीटर उंच. घरी आणला, हौसेने बसवला, आणि कॅबिनेटची बाजूची पाटी लागेना. कॅबिनेटची मर्यादा १५५ होती. चार मिलिमीटरसाठी सगळं पुन्हा उघडावं लागलं. दुकानदार ओळखीचा, म्हणून बदलून १५० चा मिळाला. पँट शिवायला देताना माप देतो, तसंच हे. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते. नसेल तर प्रोसेसरपासून पाटीपर्यंत पट्टी धरून मोजा.

दुसरं माप सॉकेटचं. इंटेलच्या एलजीए १७०० ची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर, त्याआधीच्या एलजीए १२०० ची ७५ वर. जुना कूलर नव्या बोर्डवर थेट बसत नाही, वेगळी पट्टी लागते. एएमडीच्या एएम४ वरचे बरेच कूलर एएम५ वरही चालतात, तरी खोक्यावर आपल्या सॉकेटचं नाव वाचूनच पैसे द्या.

तिसरं, रॅम. उंच रॅम असेल तर पंखा तिला अडतो का ते बघा. आणि पंख्याची वायर चार पिनांची असावी, म्हणजे वेगावर नीट ताबा राहतो.

खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्यावर फार विसंबू नका. सगळे एकाच पद्धतीने मोजत नाहीत. दोन कूलरमध्ये पारखताना नळ्या किती, पंखा केवढा, कमीत कमी वेग किती आणि वॉरंटी किती वर्षांची, हे विचारा.

बसवताना

एएम४ चा जुना कूलर सरळ वर ओढू नका. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो, पिना वाकतात. आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून बंद करा, वायर काढा, मग कूलर हलके डावी-उजवीकडे फिरवून सोडवा. बोर्डवरची प्लास्टिकची पट्टी काढली की मागची पाटी सुटते, ती हाताने धरून ठेवा. नव्या कूलरच्या तळावरची पारदर्शक फिल्म काढा. पेस्ट वाटाण्याएवढी, जास्त नाही. स्क्रू कोनाकोनी, थोडे थोडे करून पिळा. पंख्याची हवा कॅबिनेटच्या मागच्या बाजूला जाईल असा टॉवर ठेवा.

उन्हाळ्याचं गणित

कॉम्प्युटरचा हा कूलर खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ६५ वर असेल, तर मे महिन्यात खोली ३८ झाल्यावर तो ७८ च्या आसपास जाणारच. बिघाड नव्हे, हिशेब आहे. म्हणून हिवाळ्यात केलेली पंख्याची सेटिंग उन्हाळ्यात एकदा तपासा. वाळ्याच्या कूलरचा झोत मात्र डब्यावर सरळ घेऊ नका. त्यातून पाण्याचे थेंब उडतात, क्षार बसतात. डबा भिंतीला चिकटवू नका, गादीवर किंवा बंद कपाटात ठेवू नका.

आमचा खर्च सगळा मिळून तीन हजारांच्या आत झाला, त्यातही निम्मा फरक सेटिंग आणि साफसफाईने पडला होता. एखाद्या घरी तेवढंच पुरेल, एक पैसाही लागणार नाही. म्हणून आधी ब्रश हातात घ्या, मग बायोस उघडा, आणि तरीही भागलं नाही तर माप घेऊन दुकानात जा.

आता मुलगी रात्री साडेबारापर्यंत काम करते. परवा अम्मींनी सकाळी विचारलं, "रात में डब्बा बंद था क्या?" बंद नव्हता. हॉलमध्ये आता आवाज येतो तो फक्त छताच्या पंख्याचा, आणि त्याची सवय अम्मींना चाळीस वर्षांपासून आहे.