थंडीचा हिशेब कोण मांडणार?

राष्ट्रीय क्वांटम अभियानास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मान्यता दिली. सुमारे ६,००० कोटी रुपयांची तरतूद आणि आठ वर्षांत पन्नास ते हजार क्यूबिटांचे संगणक, असे त्याचे उद्दिष्ट आहे. क्यूबिट म्हणजे अशा संगणकाचा मूळ घटक. किती क्यूबिट, याची वाच्यता पुष्कळ होते. ते किती थंड, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वस्तुतः सारे त्यावरच अवलंबून आहे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ज्या अतिसंवाहक क्यूबिटांवर काम चालते, ती बहुधा ॲल्युमिनियमची सूक्ष्म विद्युत्मंडले असतात. ॲल्युमिनियम सुमारे १.२ केल्व्हिनच्या खाली, म्हणजे उणे २७२ अंश सेल्सिअसला, अतिसंवाहक बनते. मग तेवढ्यावर का भागू नये? कारण क्यूबिटाच्या दोन अवस्थांतील ऊर्जेचे अंतर अत्यल्प असते. पाच गिगाहर्ट्‌झच्या क्यूबिटाला ते अवघ्या पाव केल्व्हिनशी तुल्य होय. भोवतालची उष्णता त्याच्या आसपास असली, की क्यूबिट आपोआप वरच्या अवस्थेत जातो आणि गणित आरंभापूर्वीच चुकते. म्हणून शीतयंत्र केल्व्हिनच्या पन्नासाव्या भागापर्यंत, म्हणजे २० मिलिकेल्व्हिनपर्यंत, उतरवावे लागते.

परंतु यंत्र २० मिलिकेल्व्हिन दाखवते म्हणून क्यूबिटही तितकाच थंड, असे नव्हे! त्या तापमानाला दहा लाखांत सहा-सात वेळाच चूक व्हावी, असे सिद्धांत सांगतो. प्रत्यक्षात ती हजारात एकदा, कित्येकदा शंभरात एकदा आढळते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात यंत्र अधिक थंड करूनही क्यूबिट ३५ मिलिकेल्व्हिनपाशीच अडला. तारांतून वरून झिरपणारी उष्णता, भटके प्रारण आणि इलेक्ट्रॉनांच्या फुटलेल्या जोड्या यांच्याकडे याचा दोष जातो. अर्थशास्त्रातला घटत्या प्राप्तीचा नियम येथेही लागू पडावा, हे मोठे मौजेचे! एका मर्यादेपलीकडे अधिक थंड यंत्र विकत घेणे व्यर्थ. पैसा तारा, गाळण्या आणि आवरणे यांवर खर्चिला पाहिजे.

क्यूबिट वाढले की तारा वाढतात, आणि प्रत्येक तार उष्णता आत आणते. किलोवॅटांनी वीज खाणारे हे यंत्र तळाशी मात्र काही दशक मायक्रोवॅटच उष्णता बाहेर काढू शकते. सहा क्यूबिटांना पुरणारी व्यवस्था हजारांना पुरणार नाही.

शिवाय यंत्रागणिक हेलियम-३ हवा. तो ट्रिटियमच्या ऱ्हासातून, मुख्यतः अण्वस्त्रांसाठी केलेल्या साठ्यांतून, मिळतो. २००८ च्या सुमारास अमेरिकेतच त्याची टंचाई झाली होती. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्टीतील जड पाण्यातही ट्रिटियम तयार होतो. कॅनडाने तो वेगळा काढण्याचा कारखाना डार्लिंग्टनला उभारला आहे. क्यूबिटांची संख्या जाहीर करणाऱ्यांनी तारापूरच्या या ट्रिटियमचे काय करणार, हेही संसदेला सांगावे.