फ्लशचा फंडा!

नव्या फोनची सगळी सेटिंग्ज आपण दहा मिनिटांत पालथी घालतो. पण फ्लश टँकचं झाकण उचलायचं म्हटलं की आपल्या हातापायांना घाम फुटतो! भाड्याच्या फ्लॅटमध्ये तर विचारूच नका. रविवारी प्लंबर मिळत नाही आणि सोमवारी मिळतो तेव्हा आपण ऑफिसात असतो. आम्ही तिघी मैत्रिणी एकच टॉयलेट शेअर करतो, त्यामुळे ते एक दिवस बंद म्हणजे घरात आणीबाणीच.

म्हणून मी आमच्या सोसायटीच्या प्लंबरकाकांना गाठलं. म्हटलं, ‘‘काका, आज तुम्ही फक्त सांगायचं, हात मी लावणार.’’ ते आधी हसले, मग पाना माझ्या हातात दिला. त्या दोन तासांत कळलं की बॉस, यात रॉकेट सायन्स काहीही नाही.

पहिला धडा अँगल कॉकचा. भिंतीतून टाकीकडे जाणाऱ्या नळीवर हा छोटा कॉक असतो. काहीही बिघडलं की आधी तो घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवून बंद करायचा. पाणी थांबलं की निम्मं टेन्शन खल्लास! महिन्यातून एकदा तो फिरवून ठेवा, नाहीतर क्षाराने जाम होतो आणि नेमका गरजेच्या वेळी हलत नाही.

रात्रभर सुर्रर्र...

फ्लश केल्यानंतरही पाण्याचा आवाज येत राहतो? झाकण उघडा. मधल्या उभ्या ओव्हरफ्लो पाइपमध्ये पाणी पडत असेल तर दोष फ्लोटचा. स्क्रू किंवा क्लिपने तो थोडा खाली घ्या. पाण्याची पातळी पाइपच्या तोंडापेक्षा साधारण इंचभर खाली हवी.

आवाज नाही, तरी संशय आहे? टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाका आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा रबरी वॉशर गेलाय. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर कधी कधी त्यावर नुसता क्षार साचलेला असतो. तो पुसून बघा, नाही जमलं तर जुना वॉशर हार्डवेअरच्या दुकानात दाखवून तसाच आणा.

‘एवढंसं तर गळतंय’ म्हणू नका हं. मिनिटाला एक ग्लास, म्हणजे 200 मिली पाणी गळलं तर दिवसाला 288 लिटर होतात! शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी 135 लिटर धरतात. म्हणजे दोन माणसांच्या वाट्याहून जास्त पाणी, तेही कुणी न वापरता.

फ्लशमध्ये दमच नाही

टाकी पूर्ण भरतेय का बघा. नसेल तर अँगल कॉक अर्धवट बंद आहे किंवा नळीच्या तोंडाची बारीक जाळी कचऱ्याने भरलीय. टाकी भरते तरी जोर नाही? मग भांड्याच्या कडेखालची भोकं क्षाराने बुजली असतील. लिंबूसत्वाचं पाणी लावून ठेवा आणि जुन्या टूथब्रशने घासा.

तुंबलं!

पाणी वर चढताना दिसलं की पुन्हा फ्लश करायचा मोह आवरा. शे-दोनशे रुपयांचा प्लंजर, म्हणजे दांड्याचा रबरी पंप, घरात मस्ट! रबर पाण्यात बुडायला हवं. सरळ दाबा, सरळ ओढा, पंधरा-वीस वेळा. खरं काम ओढताना होतं. उकळतं पाणी ओतू नका, भांड्याला तडा जाऊ शकतो. अॅसिड आणि ब्लीच तर कधीच एकत्र करू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो.

टॉयलेटबरोबर नहाणीतही पाणी वर येत असेल तर मामला तुमच्या भांड्याचा नाही, पुढच्या लाइनचा आहे. सरळ सोसायटीला फोन लावा. फ्लश केल्यावर भांड्याच्या बुडाशी ओल येत असेल, तरीही प्लंबरच हवा. उशीर केलात तर खालच्या काकूंचं छत आणि तुमचं डिपॉझिट दोन्ही धोक्यात!

सुट्टीहून आल्यावर वास?

भांड्याखालच्या वळणात कायम थोडं पाणी उभं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने 1775 मध्ये या वळणाचं पेटंट घेतलं. महिनाभर घर बंद राहिलं की हे पाणी आटतं. एक बादली ओता, नहाणीतही तांब्याभर. झालं!

आणि मूळ कारण?

काकांना विचारलं, सगळ्यात जास्त काय निघतं? सॅनिटरी पॅड, वेट वाइप्स, केसांचे गुंते. पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, वाइप्स टिश्यूसारखे विरघळत नाहीत. पॅड तर पाणी पिऊन फुगतं. आपल्या बटणाने ते दिसेनासं होतं, इतकंच. पुढच्या चेंबरमध्ये ते अडकतं आणि काढायला कुणाचा तरी हात लागतो. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवायला 2013 च्या कायद्याने बंदी आहे, तरीही माणसं उतरतात आणि आत गुदमरून मरतात.

तेव्हा टॉयलेटमध्ये झाकणाची छोटी कचरापेटी ठेवा आणि पॅड कागदात गुंडाळून, वेगळं ओळखू येईल असं द्या. आमच्याकडे तिघींनी मिळून घेतलीय. प्लंजरच्या शेजारीच ठेवलीय.