पैसे घरी पाठवा

या शाळेच्या वसतिगृहात आम्ही असताना घरची मनिऑर्डर आठ-आठ दिवस वाटेत असे. पुढे सॉफ्टवेअरच्या व्यवसायात पडल्यावर केनियातील ‘एम-पेसा’ची हकीकत म्हणूनच आम्हांस जवळची वाटली. (स्वाहिली भाषेतील ‘पेसा’ म्हणजे आपला पैसाच!)

२००५ मध्ये तेथे एक प्रयोग झाला. हेतू एवढाच की, लहान कर्जदारांनी आपले हप्ते मोबाईलवरून फेडावेत. काही शे लोकांच्या हाती ही सोय दिली गेली. लोकांनी मात्र तिचा निराळाच उपयोग आरंभिला. कोणी नातलगांना रक्कम धाडू लागले. कोणी प्रवासापूर्वी रोकड फोनवर जमा करून मुक्कामी पोहोचल्यावर काढून घेऊ लागले. कर्जाचा हिशेब तर वित्तसंस्थेच्या जुन्या पद्धतीशी जुळेना.

अशा वेळी ‘लोकांना वापरता येत नाही’ असे म्हणून आम्ही मोकळे होतो. मागणीपत्रकाबरहुकूम महिनोन्महिने खपून केलेली आमची कामे कोणी उघडूनही पाहिली नाहीत, हे येथे कबूल केलेले बरे. केनियातील मंडळींनी हप्त्यांचा भागच वगळला आणि मार्च २००७ मध्ये ‘पैसे घरी पाठवा’ या हाकेने सेवा सर्वांना खुली केली. बँकेचे खाते नको, इंटरनेट नको. साधा बटणांचा फोन पुरे. शहरातील मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानात रोकड भरून रक्कम पाठवावी आणि गावाकडच्या आईने ती आपल्या जवळच्या दुकानातून त्याच दिवशी काढून घ्यावी.