यंत्र दाखवील, पण पटवील कोण?

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. आमचा नववींतील पुतण्या गणिताची वही घेऊन तीर्थरूपांपुढें आला. वर्तुळाच्या केंद्रांतून जीवेवर काढलेला लंब त्या जीवेस दुभागतो, हा सिद्धांत त्यानें सुवाच्य अक्षरांत सिद्ध केला होता. तीर्थरूपांनीं एवढेंच विचारलें, "बाळ, हे दोन त्रिकोण एकरूप कां ?" चिरंजीव गप्प ! प्रश्नाचें छायाचित्र काढून मोबाइलकडून मिळविलेलें उत्तर त्यानें जसेंच्या तसें उतरविलें होतें.

आतां मोबाइल जप्त होणार, असें आम्हांस वाटलें. पण आजोबांनीं त्याला त्याच मोबाइलवर 'जिओजेब्रा' उघडावयास सांगितलें. मार्कुस होहेनवार्टर या ऑस्ट्रियन गणितज्ञानें २००१ सालीं आरंभिलेलें हें साधन विद्यार्थ्यांस विनामूल्य मिळतें. मुलानें वर्तुळ व जीवा काढून केंद्रांतून लंब टाकला आणि जीवा बोटानें हवी तशी सरकविली. तिची लांबी बदले. पण लंबाच्या दोहों बाजूंचे तुकडे सदैव समानच!

"झालें कीं सिद्ध, आजोबा !"

"दिसलें, सिद्ध नाहीं झालें. शंभर जीवा पाहिल्यास, एकशेंएकावीचें काय ?"

मग कागद पुढें आला. केंद्र जीवेच्या टोकांशीं जोडतांच दोन काटकोन त्रिकोण झाले. दोहोंचे कर्ण म्हणजे त्रिज्या, म्हणून समान. लंबाची भुजा सामाईक. सबब कर्ण-भुजा कसोटीनें त्रिकोण एकरूप. हें सारें या वेळीं मुलानें स्वतःच्या तोंडानें सांगितलें.

मार्च २०२० मध्यें महामारीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां कित्येक मुलांचा वर्गच मोबाइलमध्यें भरूं लागला. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आहेत. २०१७ सालीं सुरू झालेल्या 'दीक्षा'च्या साह्यानें ते उघडले असतां पाठाशीं निगडित साहित्य समोर येतें. तेव्हां यंत्रास घराबाहेर घालविणें शक्य नाहीं, आणि इष्टहि नाहीं. पाहावयाचें एवढेंच, कीं तें मुलाच्या हातीं आयतें उत्तर ठेवतें, कीं त्याच्या मनांत प्रश्न उभा करतें ?

एकत्र कुटुंबांत माणसांची वाण नसते. रात्रीं जेवणें आटोपल्यावर कोणीं तरी दहा मिनिटें मुलाजवळ बसावें, मोबाइल पालथा ठेववावा आणि म्हणावें, "आतां मला समजावून सांग." ऐकणारास गणित येत नसलें तर अधिकच उत्तम ! त्यास पटेल असें सांगतां आलें, तरच तें मुलाचें झालें.