खर्रा हीसुद्धा नशाच आहे, हे मुलांना कोण सांगणार?

विद्यार्थ्यांच्या व्यसनाचा विषय निघाला की चर्चा गांजा, ड्रग्ज आणि मोठ्या शहरांकडे वळते. कोरपना, गडचांदूर भागात काम करताना आम्हाला मात्र आठवी-दहावीच्या मुलांच्या खिशात खर्र्याची पन्नी दिसते. चंद्रपूर-गडचिरोलीत खर्रा इतका रोजचा झाला आहे की त्याला कोणी नशा म्हणतच नाही. खरी अडचण हीच आहे.

खर्रा काय करतो?

सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून खर्रा तयार होतो. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीन तोंडातून लवकर रक्तात जाते आणि मेंदूला त्याची सवय लागते. वाढत्या वयात ही सवय अधिक घट्ट बसते. सुपारीही निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ती कर्करोगकारक ठरवली आहे. सुपारीने गाल आतून कडक होतात, तिखट सोसत नाही, तोंड उघडेनासे होते. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील, तर लगेच दंतवैद्याला दाखवावे.

कायदा आहे, पण...

२००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. तरीही पानठेल्यावर मुलाला कोणी अडवत नाही, कारण तो बहुतेक वेळा घरच्यांसाठीच खर्रा न्यायला आलेला असतो.

पाचवे शील आणि आपण

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, याचा आपल्याला अभिमान आहे. बावीस प्रतिज्ञांत दारूचा उल्लेख आहे, खर्र्याचा नाही, असा युक्तिवाद काही जण करतात. पण पाचव्या शिलाचा रोख माणसाला बेसावध करणाऱ्या नशेवर आहे. विहारात पंचशील म्हणून बाहेर पडताच आपण मुलाला खर्रा आणायला धाडतो. मूल यातले कोणते शील शिकेल?

काय करता येईल?

गडचिरोलीत २०१६ पासून डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने 'मुक्तिपथ' अभियान दारू आणि तंबाखूविरुद्ध गावोगावी काम करत आहे. आपणही एवढे करू शकतो :

- विहार आणि परिसर खर्रामुक्त जाहीर करावा. सुरुवात पदाधिकाऱ्यांनी स्वतःपासून करावी.
- मुलांना खर्रा आणायला पाठवू नये.
- शाळेजवळच्या विक्रीची तक्रार युवक मंडळाने मुख्याध्यापकांना सोबत घेऊन लेखी द्यावी.
- सापडलेल्या मुलाला मारू नये, शाळेतून काढू नये. सोडण्यासाठी १८००-११-२३५६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मुलांना व्यसनमुक्तीचे भाषण देण्याआधी आपल्या खिशातली पन्नी काढून टाकू या. जय भीम!